स्वित्झर्लंडचं नाव घेता, मग हिशेब पुरा सांगा!



एक शहाणपण आपल्याला वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. भाषेच्या राज्याची गोष्ट काढा, सीमेवरच्या मराठी माणसाचा प्रश्न काढा, की कोणी तरी इस्त्रीच्या सदऱ्यातला गृहस्थ व्यासपीठावरून बोट वर करतो आणि म्हणतो, "अहो, भाषा भाषा काय घेऊन बसलात? तो स्वित्झर्लंड बघा! चार भाषा आणि देश एक. तिथं कोणी भांडत नाही. तुम्हीच तेवढे संकुचित!"

आपण गप्प बसतो. कारण तो देश आपण पाहिला तो सिनेमात. बर्फावर नट-नटी नाचतात, मागं गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजतात, एवढीच आपली ओळख. पण पगाराच्या दिवशी पाकीट मोजल्याशिवाय खिशात न घालणारी माणसं आपण. मग दुसऱ्यानं सांगितलेला हा हिशेब न मोजता का घ्यायचा?

मी शिकलो चौथीपर्यंत. विद्वान नाही. पण हा दाखला इतक्या वेळा तोंडावर मारला गेला, की शेवटी वाचनालयात बसून, शिकलेल्या मित्रांना विचारून त्या देशाची माहिती काढली. काय निघालं? दाखला आपल्या विरुद्ध नाहीच, तो आपल्या बाजूचा आहे! स्वित्झर्लंड एक राहिला तो भाषा विसरून नव्हे. प्रत्येक भाषेला तिची जमीन, तिची शाळा, तिची कचेरी, तिचं न्यायालय मिळालं म्हणून तो एक राहिला. आणि जिथं हे मिळालं नाही तिथं लोक उठले, लढले, मतपेटी मागितली आणि घेतली. ही दुसरी गोष्ट व्यासपीठावरचे शहाणे सांगत नाहीत. ती या कागदात सांगायची आहे.

आधी देश बघा

स्वित्झर्लंड म्हणजे ४१,२८५ चौरस किलोमीटरचा मुलूख. आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा लहान. वस्ती सुमारे ९० लाख. समुद्र नाही. दक्षिणेला आल्प्सचे डोंगर, त्यांनी देशाचा साठ टक्के भाग व्यापलेला. वायव्येला ज्युरा नावाची बुटकी डोंगररांग, तिचा वाटा दहा टक्के. मधला तीस टक्के पट्टा सखल, आणि बहुतेक माणसं, कारखाने, शहरं त्या पट्ट्यात दाटलेली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्यांचं सर्वांत उंच शिखर ड्युफूर ४,६३४ मीटर.

या डोंगरांतून पाणी चार दिशांना जातं. ऱ्हाईन उत्तर समुद्राला मिळते, ऱ्होन भूमध्य समुद्राला. इन नदी डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राकडं जाते, तिचिनो नदी पो नदीतून एड्रियाटिकला. भाषाही अशाच खोऱ्याखोऱ्यानं वसलेल्या. उत्तरेला आणि मध्यभागी जर्मन, पश्चिमेला फ्रेंच, आल्प्सच्या दक्षिण उतारावर इटालियन आणि पूर्वेच्या उंच खोऱ्यांत रोमान्श. शंभरांत साधारण ६२ जर्मन बोलणारे, २३ फ्रेंच, ८ इटालियन, आणि रोमान्श तर अर्धा टक्का.

गॉटहार्डचा रेल्वे बोगदा १८८२ साली सुरू झाला, पंधरा किलोमीटर लांबीचा. त्याच्या उत्तर तोंडाला ग्योशेनन गाव, तिथं जर्मन. दक्षिण तोंडाला आयरोलो, तिथं इटालियन. ऱ्होनच्या खोऱ्यात वरच्या अंगाला जर्मन, सिएर गावाच्या आसपास भाषा बदलते आणि खाली फ्रेंच लागते. चालत्या गाडीच्या खिडकीतून पाट्या वाचत गेलात तरी भाषेची हद्द डोळ्यांना दिसते.

म्हणजे पहिली गोष्ट पदरात बांधून ठेवा. चार भाषा आहेत खऱ्या, पण त्या खिचडीसारख्या एका पातेल्यात शिजवलेल्या नाहीत. प्रत्येकीचं शिवार वेगळं आहे.

प्रत्येक भाषेला स्वतःचं घर

त्या देशात २६ राज्यं आहेत. त्यांना कॅन्टन म्हणतात. १७ कॅन्टनांचा कारभार जर्मनमध्ये, चारांचा फ्रेंचमध्ये: जिनिव्हा, व्हो, नशातेल आणि ज्युरा. एकाचा इटालियनमध्ये: तिचिनो. तीन कॅन्टन दोन भाषांचे: बर्न, फ्रिबुर्ग आणि व्हाले. आणि ग्राउब्युंडेन एकटं तीन भाषांचं. आता सांगा, २६ पैकी २२ राज्यं एकाच भाषेत कारभार करतात, त्याला भाषावार राज्य म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

राज्यघटनेतच लिहिलंय की कॅन्टननं आपली राजभाषा आपण ठरवावी आणि ठरवताना भाषांच्या पूर्वापार मुलखाचा मान राखावा. हे नुसतं कागदावर नाही. झुरिचचा जर्मन बोलणारा माणूस नोकरीसाठी लोझानला गेला, तर त्याचं पोर तिथल्या सरकारी शाळेत फ्रेंचमध्ये शिकतं. बेलिन्झोनाला गेला तर इटालियनमध्ये. मोठ्या भाषेचा म्हणून त्याला वेगळी शाळा मागता येत नाही. देशात जर्मन बोलणारे फ्रेंचवाल्यांच्या जवळजवळ तिप्पट. पण लोझानमध्ये घर फ्रेंचचं आहे, तो पाहुणा आहे. पाहुण्यानं यजमानाची भाषा शिकायची. याला तिथं कोणी संकुचितपणा म्हणत नाही. न्याय म्हणतात.

मध्यवर्ती सरकारही एका गावात सगळं गोळा करून बसलेलं नाही. सरकार बर्नला, पण देशाचं सर्वोच्च न्यायालय लोझानला, फ्रेंच मुलखात. फौजदारीचं संघ न्यायालय बेलिन्झोनाला, इटालियन मुलखात. चलनी नोटेवर चारही भाषा. आणि सात मंत्री निवडताना भाषांच्या मुलखांना वाटा मिळाला पाहिजे, हे घटनेतच बजावलेलं.

तुम्ही म्हणाल, कचेरीच्या भाषेचं कामगाराला काय? पोटाला भाकर मिळाली म्हणजे झालं. बंधूंनो, इथंच आपली मान अडकते. मी एका गिरणीत बदलीवर असताना नोटीस बोर्डावर कागद लागला, सगळा इंग्रजीत. पाळी सुटल्यावर आम्ही पंधरावीस जण त्याच्यासमोर उभे होतो, मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही, नेहमीचंच." कागदात लिहिलं होतं की बदली कामगारांनी अमक्या तारखेच्या आत नाव नोंदवावं. तारीख उलटली आणि अकरा जणांची नावं पटावरून गेली. चौकशी झाली तीही इंग्रजीत. भाकर कशानं गेली? कापूस कमी पडला म्हणून नव्हे, साचे बंद पडले म्हणूनही नव्हे. आमची भाषा बोर्डावर नव्हती म्हणून गेली. कायदा, नोटीस आणि निकाल ज्याच्या भाषेत असतो, त्याचा हात वरचा असतो.

ही एकी आभाळातून पडली नाही

शहाणे असं बोलतात, जणू स्विस माणूस जन्मतःच समंजस. इतिहास काय सांगतो? १७९८ पर्यंत तिथं १३ कॅन्टनांची सत्ता होती आणि कारभार जर्मन बोलणाऱ्या धन्यांच्या हाती. आजचं फ्रेंच बोलणारं व्हो १५३६ साली बर्ननं जिंकलं आणि २६२ वर्षं आपलं रयत म्हणून वागवलं. १७२३ साली मेजर डावेल नावाचा माणूस आपली पलटण घेऊन लोझानला गेला आणि म्हणाला, बर्नचं जोखड झुगारा. त्याच्याच मुलखातल्या मानकऱ्यांनी त्याला धरून दिलं. डोकं उडवलं गेलं.

तिकडं तिचिनोच्या इटालियन बोलणाऱ्या खोऱ्यांवर जर्मन कॅन्टनांचे सुभेदार बसत. १७५५ साली लेव्हेन्तिना खोऱ्यातले लोक उरी कॅन्टनच्या सत्तेविरुद्ध उठले. उठाव मोडला. फाइदो गावात म्होरक्यांची मुंडकी उडवली आणि गावकऱ्यांना गुडघ्यांवर बसवून ते बघायला लावलं.

ही होती एकी! धनी एका भाषेचे आणि रयत दुसऱ्या भाषेची. मग १८०३ साली व्हो आणि तिचिनो यांना बरोबरीच्या कॅन्टनांचा दर्जा मिळाला. १८४८ च्या घटनेनं जर्मन, फ्रेंच आणि इटालियन तिन्ही भाषा राष्ट्रभाषा म्हणून सारख्या मानल्या. तेव्हा कुठं बर्नच्या माणसाशी लोझानचा माणूस ताठ मानेनं हस्तांदोलन करायला लागला. आधी हक्क, मग प्रेम. आम्हाला मात्र सांगतात, आधी प्रेम करा, हक्काचं मग बघू.

मान दिला, पण घर नाही: रोमान्शचा धडा

चौथी भाषा रोमान्श. तिची गोष्ट नीट ऐका. १९३८ साली सबंध देशानं मतदान करून तिला राष्ट्रभाषेचा मान दिला. शंभरांत नव्वदाहून जास्त लोकांनी होय म्हटलं. तिच्यासाठी १९१९ पासून संस्था आहे. सरकार पैसे देतं. १९८२ साली तिच्या पाच बोलींवरून एक सामाईक लिखित भाषाही तयार केली. नोटेवर ती आहेच.

पण तिला स्वतःचं राज्य नाही. ग्राउब्युंडेन कॅन्टनात ती राहते, तिथं जर्मनचं बहुमत. राजधानी खूर, तीही कधीच जर्मन झाली. बाजार जर्मन, नोकरी जर्मन, हॉटेलात येणारा प्रवासी जर्मन. परिणाम काय? १८८० साली देशात शंभरांत दीड माणूसही रोमान्श बोलणारा नव्हता, आता अर्धा राहिला. एवढा मानपान असून!

अलीकडं त्यांना शहाणपण सुचलं. २००८ पासून तिथं कायदा लागू झाला: ज्या गावात मूळ भाषेचे लोक शंभरांत ४० असतील, त्या गावाचा कारभार आणि शाळा त्याच भाषेत. वीस ते चाळीस असतील तर दोन्ही भाषांत. म्हणजे अखेर त्यांनाही कळलं की भाषेला हारतुऱ्यांनी जगवता येत नाही. तिला पायाखाली जमीन लागते, गाव लागतं, शाळा लागते. ज्यांना वाटतं की मराठीला मानाचा दर्जा दिला की काम झालं, त्यांनी हा धडा गिरवावा.

ज्युराचा लढा

आता मुख्य गोष्ट. ही शहाण्यांच्या भाषणात कधी येत नाही.

देशाच्या वायव्येला ज्युराचे डोंगर. चुनखडीचे, देवदाराच्या रानांचे, उन्हाळ्यात हिरवे आणि हिवाळ्यात बर्फानं कोंडलेले. शेती बेताची. घोड्यांची पैदास मोठी; सेन्येलेजिए गावात १८९७ पासून दर वर्षी घोड्यांची जत्रा भरते. हिवाळ्यात शेतकरी घरात बसून घड्याळांचे भाग घासत, त्यातूनच घड्याळाचा धंदा उभा राहिला. इथले लोक फ्रेंच बोलणारे.

हा मुलूख पूर्वी बासेलच्या बिशपच्या राज्यात. नेपोलियन पडला, १८१५ साली व्हिएन्नाला राजेरजवाडे जमले आणि त्यांनी हा मुलूख बर्नला देऊन टाकला. का? तर व्हो हातचं गेलं म्हणून बर्नला भरपाई! लोकांना कोणी विचारलं? नाही. गुरं बाजारात विकावीत तसं माणसांना दावणीसकट दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलं. फ्रेंच बोलणारे मूठभर आणि बर्न कॅन्टन भलंमोठं, जर्मन. विधिमंडळात ज्युरानं कितीही हात वर केले तरी मोजणीत ते कमीच भरायचे.

ठिणगी पडली १९४७ साली. जॉर्ज मॉकली हे ज्युराचे, समाजवादी पक्षाचे मंत्री. त्यांच्याकडं बांधकाम आणि रेल्वेचं खातं द्यायचं ठरलं होतं. ९ सप्टेंबरला बर्नच्या विधिमंडळानं ते नाकारलं. कारण? एवढं मोठं खातं फ्रेंच बोलणाऱ्याच्या हाती नको. मंत्री चालतो, पण खातं महत्त्वाचं नको! आपल्यातल्या किती जणांनी हे ओळखलं असेल? "तू चांगला कामगार आहेस रे, पण जॉबरची जागा आमच्या माणसाला." तीच जात, तोच सूर.

अकरा दिवसांनी देलेमों गावात हजारो लोक जमले. वेगळ्या कॅन्टनची चळवळ उभी राहिली. रोलां बेगलां हे तिचे सरचिटणीस आणि बोलणारी जीभ. झेंडा तयार झाला: एका बाजूला बिशपचा दंड आणि दुसऱ्या बाजूला तांबडे-पांढरे सात पट्टे, ज्युराच्या सात तालुक्यांचे. देलेमोंला दर सप्टेंबरला ज्युरा जनतेचा मेळावा भरू लागला.

१९५९ साली पहिली परीक्षा झाली. मतदान सबंध बर्न कॅन्टनचं! म्हणजे ज्याच्याकडून सुटायचं त्याचीच परवानगी. मागणी आपटली. ज्युरातसुद्धा थोड्या मतांनी ती हरली. वर्तमानपत्रांनी लिहिलं असेल, संपला प्रश्न. पण संपला नाही. १९६२ साली तरुणांनी आपली संघटना काढली, तिचं नाव 'मेंढे', डोकं लावून टक्कर देणारे. १९६८ साली त्यांनी देलेमोंची सरकारी कचेरी ताब्यात घेतली.

शेवटी बर्नला मान तुकवावी लागली आणि नियम बदलला. आता मत ज्युराचंच मोजायचं. २३ जून १९७४. जवळजवळ नव्वद टक्के लोक मतदानाला आले. होय ३६,८०२. नाही ३४,०५७. एकशे एकोणसाठ वर्षांनी त्या लोकांना पहिल्यांदा विचारलं गेलं आणि त्यांनी उत्तर दिलं.

पुढं काय झालं ते अधिक महत्त्वाचं. एका मतदानावर सगळ्यांना फरफटत नेलं नाही. १९७५ साली तालुक्यांना पुन्हा विचारलं. दक्षिणेच्या तीन तालुक्यांनी बर्नमध्येच राहायचं ठरवलं. मग सीमेवरच्या गावांना गावागावानं विचारलं, आणि काही गावं इकडची तिकडं गेली. रोगेनबुर्ग हे जर्मन बोलणारं गाव नव्या कॅन्टनात आलं नाही, कोणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. लाउफन हा जर्मन बोलणारा तालुका पुढं १९९४ साली बासेल-लांडशाफ्टला जाऊन मिळाला.

२४ सप्टेंबर १९७८ ला सबंध देशानं मत दिलं. ८२ टक्क्यांहून जास्त होय, आणि एकूण एक कॅन्टनात बहुमत, बर्नमध्येसुद्धा! १ जानेवारी १९७९ ला ज्युरा हे नवं राज्य जन्माला आलं. मूतिये येण्यापूर्वी त्याचं क्षेत्र ८३८ चौरस किलोमीटर होतं, वस्ती पाऊण लाखाच्या आत. आपल्या एखाद्या तालुक्याएवढं. "लहान राज्य टिकेल का?" म्हणणाऱ्यांनी जाऊन बघावं. त्याला स्वतःचं सरकार आहे, स्वतःचं न्यायालय आहे आणि वरिष्ठ सभागृहात मोठ्या झुरिचएवढ्याच दोन जागा आहेत.

तरी काम राहिलंच होतं. व्हेलरा नावाचं सत्तरेक माणसांचं गाव बर्नकडं अडकलेलं. १९९६ साली त्या सत्तर माणसांसाठी सबंध देशानं मतदान केलं आणि गाव ज्युरात गेलं. सत्तर माणसं, बंधूंनो! आपल्या एका चाळीत त्याहून जास्त असतात.

आणि मूतिये शहर. सात हजारांच्या वर वस्ती. २०१७ साली तिथं ज्युराच्या बाजूनं १३७ मतं जास्त पडली. पण गैरप्रकारांवरून ते मतदान रद्द ठरलं. कोणी दंगल केली नाही आणि कोणी मागणीही सोडली नाही. २८ मार्च २०२१ ला पुन्हा मतदान झालं, कडक देखरेखीत. होय २,११४, नाही १,७४०. २०२४ साली दोन्ही कॅन्टनांच्या मतदारांनी करार मान्य केला आणि १ जानेवारी २०२६ रोजी मूतिये ज्युरात दाखल झालं. १९४७ ची ठिणगी, आणि शेवटचं शहर आलं २०२६ ला. एकोणऐंशीव्या वर्षी!

देश फुटला? रेल्वे थांबल्या? बँका बुडाल्या? काही झालं नाही. नकाशावरची एक रेघ सरकली आणि माणसं घरी गेली.

आता विरोधकांचे प्रश्न

पहिला प्रश्न: "दक्षिणेचे तीन तालुकेही फ्रेंच बोलणारे होते. मग ते का आले नाहीत? म्हणजे भाषेला अर्थ नाही." खरं आहे, ते आले नाहीत. उत्तर ज्युरा कॅथलिक, दक्षिण ज्युरा प्रॉटेस्टंट; बर्नही प्रॉटेस्टंट. जुने व्यवहार, जुने संबंध होते. लपवायचं कशाला? पण यावरून काय सिद्ध होतं? भाषेनं प्रश्न उभा केला आणि लोकांच्या इच्छेनं त्याचं उत्तर दिलं. आम्ही तेवढंच मागतो. विचारा! दक्षिणेच्या माणसाला विचारलं, तो नाही म्हणाला, त्याचा मान राखला. न विचारताच नाही म्हणण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

दुसरा प्रश्न आपल्यातलेच काही जण करतात: "भाषेच्या भांडणात कामगारांची एकी फुटते. मालकाला भाषा नसते." हा प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला प्रामाणिक उत्तर देतो.

ग्लारुस हे डोंगरातलं छोटं कॅन्टन, कापड छपाईचं आणि सूतगिरण्यांचं. तिथं उघड्या मैदानात सगळे मतदार जमून हात वर करून कायदे करतात, आजही. १८६४ साली त्या मैदानात गिरणीकामगारांनी हात वर केले आणि कायदा झाला: दिवसाला बारा तासांवर काम नाही, रात्रपाळी बंद. १८७७ साली सबंध देशात अकरा तासांचा कायदा आला आणि चौदा वर्षांखालच्या पोरांना कारखाना बंद झाला. आपल्याकडं कापड गिरणीतल्या मोठ्या पुरुषाला बारा तासांची मर्यादा आली ती १९११ साली. ग्लारुसच्या कामगाराला ते का साधलं? सभा त्याच्या भाषेत होती. कायदा त्याला समजत होता. मालकाचा वकील काय बोलतो तेही समजत होतं.

दुसरी बाजूही सांगतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिथं सार्वत्रिक संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार उतरले. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा, म्हातारपणचा विमा, बायकांना मत, या मागण्या. सरकारनं फौज आणली, ग्रेन्खेन गावात तीन कामगार गोळीनं मेले आणि संप मागं घ्यावा लागला. हा संप जर्मन मुलखात जोरात होता, फ्रेंच आणि इटालियन मुलखात ढिला. महायुद्धात दोन्हीकडच्या सहानुभूती वेगळ्या झाल्या होत्या, वर्तमानपत्रं वेगळी होती. म्हणून संघटनेनं काय शिकायचं? भाषा दाबायची? नाही. प्रत्येक कामगाराशी त्याच्या भाषेत बोलायचं आणि एकमेकांची भाषा शिकायची. अठ्ठेचाळीस तास पुढच्याच वर्षी मिळाले, विमा १९४८ साली.

तो देश स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ साली. आपल्या आयाआज्यांनी ते १९५२ लाच दिलं होतं. गॉटहार्डचा बोगदा खणला तो मुख्यतः इटालियन मजुरांनी; १८७५ साली ग्योशेननला त्यांनी संप केला तर चार जण गोळ्यांनी मारले. पुढंही परदेशी हंगामी मजुरांना बायकापोरं आणायला बंदी होती, बराकीत ठेवत. तो कायदा २००२ साली गेला. घर आपल्या भाषेचं असावं, पण दाराशी आलेल्या कष्टकऱ्याला माणूस म्हणून वागवलं पाहिजे. आपल्या कारखान्यात बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा जो भाऊ शेजारच्या साच्यावर उभा आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. त्यानं मराठी शिकावी, आपण त्याला शिकवावी, आणि दोघांनी मिळून मालकाकडं पगारवाढ मागावी.

त्यांचा आणि आपला संबंध

तो देश आपल्याला परका वाटतो, पण व्यापाऱ्यांना कधी वाटला नाही. व्होल्कार्ट बंधूंची पेढी १८५१ साली एकाच वेळी दोन गावी उघडली: विंटरथूरला आणि आपल्या मुंबईला. इथला कापूस उचलायचा आणि युरोपच्या गिरण्यांना विकायचा. विंटरथूरच्याच रीटर कंपनीचं नाव सूतगिरणीतल्या माणसाला सांगायला नको. भांडवलाला दीडशे वर्षांपूर्वी तिथला रस्ता सापडला. मग विचाराला का सापडू नये?

आपल्या चळवळीनं सीमेचा न्याय मागताना काय तत्त्वं मांडली होती? खेडं हा घटक, सलग मुलूख, भाषेचं बहुमत आणि लोकांची इच्छा. यावर हसणारे पुष्कळ होते. म्हणे, गावागावाला विचारत बसलं तर राज्य चालेल कसं? ज्युरात तसंच झालं. तालुक्याला विचारलं, गावाला विचारलं, सत्तर माणसांच्या व्हेलरालासुद्धा विचारलं. राज्य चाललं.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यासाठी १०६ माणसांनी प्राण दिले आणि त्यांत गिरणगावचे कामगार होते. पण बेळगाव, निपाणी, कारवार बाहेर राहिले. १९५६ साली दिल्लीत रेघ मारली गेली, जशी १८१५ साली व्हिएन्नाला मारली होती. मूतियेच्या माणसाला पेटी मिळाली, एकदा चुकली तर दुसऱ्यांदा मिळाली. बेळगावच्या माणसाला एकदा तरी मिळाली काय? २००४ साली महाराष्ट्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. पण माणसाला कुठं राहायचंय हा प्रश्न शेवटी त्या माणसालाच विचारायचा असतो.

म्हणून पुढच्या सभेत जेव्हा कोणी म्हणेल, "स्वित्झर्लंड बघा", तेव्हा खाली मान घालू नका. उभे राहा आणि म्हणा:

बघितला, साहेब! तिथं २६ पैकी २२ राज्यांत एकच राजभाषा आहे, ती इथं मराठीच्या मुलखात पुरी चालवून दाखवा. तिथं झुरिचचा पोरगा लोझानला फ्रेंच शिकतो, तसं इथल्या प्रत्येक शाळेत मराठी नीट शिकवा. ग्लारुसच्या कामगाराला कायदा त्याच्या भाषेत कळला, तसा गिरणीच्या फाटकावरचा प्रत्येक कागद मराठीत लावा, चौकशी मराठीत करा, कामगार न्यायालयाचा निकाल मराठीत द्या. आणि मूतियेला जी पेटी दिली, ती सीमेवरच्या गावागावात ठेवा. बहुमत नाही म्हणालं तर आम्ही ते मानू. होय म्हणालं तर तुम्ही माना.

बंधूंनो, हा कागद वाचून घडी करून ठेवू नका. पाळी सुटली की खात्यातल्या चार जणांना मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याला आधी.